पावणेदोनशेची साडी

"ती दाखवा ना," आई म्हणाली, पण इतक्या हळू, की दुकानातल्या माणसाला ते ऐकूच गेलं नाही. त्यानं आणखी तीन साड्या फडाफडा उलगडून आमच्यापुढं पसरल्या.

"वैजू, तू सांग त्यांना. ती ढिगाखालची. वांगी रंगाची."

मी सांगितलं. दुकानात बोलायचं ते मी, ही आमची जुनी वहिवाट. शाळेत जायला लागायच्या आधीपासून मी आईचा आवाज होते. "काका, खोबरं खवट लागतंय." "काका, शेंगदाण्याला परवा वेगळा भाव होता." वाक्यं आईची, तोंड माझं. मी बरोबर नसले तर ती वाक्यं बोललीच जात नसत. मग संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणायची, "आज वाण्यानं साबणाच्या वडीचे जास्त लावले."

"अगं, मग तिथंच सांगायचं!"

"चारचौघांत कसं सांगायचं? त्याला काय वाटेल?"

तिचा हिशोब कधी चुकत नसे. ज्याचा चुकला त्याला सांगणं तिला जमत नसे. शेजारच्या ताराकाकू तिला तोंडावर म्हणत, "कुसुम, भीड ही भिकेची बहीण असते बरं." आई हसायची आणि ताराकाकूंसाठी चहाचं आधण ठेवायची.

आई गेल्या पौषात गेली. भेटायला येणारे अजून येतात. येतात आणि म्हणतात, फार गरीब स्वभाव हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी मान हलवते. ते खोटं बोलत नाहीत. पण ते गेल्यावर मला सारखा तो बार्शीतला बस्ताच आठवत राहतो.

साल चौऱ्याऐंशीचं. माझं लग्न वैशाखात ठरलं होतं. आम्ही वैरागचे, अण्णा तिथं पोस्टमास्तर. सासर भूमचं. दोघांनाही सोयीचं म्हणून बार्शीच्या पेठेतलं शांतिलालशेटचं दुकान ठरलं. नवरीचा शालू आणि साड्या त्यांनी घ्यायच्या, नवरदेवाचा पोशाख आणि त्यांच्याकडच्यांचं मानपान आम्ही, असं बोलणं झालेलं. पावत्या दोन, बैठक एक. पांढऱ्याशुभ्र गाद्यांवर एका बाजूला आम्ही तिघं, समोर सासूबाई आणि त्यांची नणंद सगुणाआत्या, मधे साड्यांचा डोंगर. श्रीरंग, म्हणजे नवरदेव, शाळेच्या परीक्षांमुळं आला नव्हता.

सासूबाईंच्या मनात हे स्थळ नव्हतं. त्यांना त्यांच्या भावाची मुलगी करून घ्यायची होती. श्रीरंगनं मला बघून गेल्यावर घरात दोन दिवस जेवण सोडलं, तेव्हा कुठं होकार आला, हे मध्यस्थांनीच आम्हाला कौतुकानं सांगितलं होतं. ते ऐकून अण्णा खूश झाले होते. आई झाली नव्हती. "हट्टानं केलेल्या सुनेला सासू कशी वागवील," एवढंच ती म्हणाली होती, तेही माझी वेणी घालताना, माझ्या पाठीमागून.

त्या दिवशी सकाळपासून सासूबाई आईशी चार वाक्यं बोलल्या असतील. विचारलं त्याचं उत्तर. बास. आई मात्र त्यांना काय आवडतंय ते त्यांच्या डोळ्यांवरून ओळखायला बघत होती. सासूबाईंच्या मानाची साडी निवडायची वेळ आली तेव्हा तिनं जवळजवळ अर्धं दुकान उलगडायला लावलं, म्हणजे मी लावलं.

वांगी साडी ढिगातून वर आली. इरकली, नारळी काठाची. आईनं ती मांडीवर घेतली, पोत बोटांनी चुरगळून पाहिला, काठाला अडकवलेली चिठ्ठी उलटी केली.

"पावणेदोनशे," ती म्हणाली.

अण्णा पुढं झुकले. "अगं, दीडशेच्या आत बसवायचं ठरलं होतं ना?"

"त्यांची तरी चांगली घेऊ. माझी राहू द्या. पाठवणीला ती हिरवी आहे की."

"ती हिरवी तुझ्या जाऊबाईंच्या मुलाच्या मुंजीतली आहे."

"असू दे. मुंजीतल्या कुणाला आठवतंय?"

अण्णांनी हात वर केले. आईनं साडी समोर सरकवली. सासूबाईंनी काठावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बरी आहे." सगुणाआत्यांनी मात्र पदर उलगडून उजेडात धरला, मागून पाहिला, पुढून पाहिला. माहेरचा, सासरचा कुठलाही बस्ता आत्यांना बोलावल्याशिवाय पुरा होत नसे, असं त्यांनीच आम्हाला आल्या आल्या सांगितलं होतं.

एकेक वस्तू नक्की होई तसा दुकानातला माणूस ओरडून किंमत सांगे आणि गल्ल्याशेजारी बसलेले म्हातारे मुनीमजी ती लिहून घेत. डोक्यावर पंखा खडखडत होता. पलीकडच्या गादीवर दुसऱ्याच कुणाचा बस्ता चालला होता आणि त्यांच्यातलं एक पोर परकर-पोलक्यासाठी भोकाड पसरून रडत होतं. त्या कालव्यात कोण काय ओरडतंय ते मुनीमजींना कसं कळत असेल, असं माझ्या मनात येऊनही गेलं.

सगळं झाल्यावर सरबत आलं. शांतिलालशेटचा रिवाज असा, की बस्त्याची पावती दोन्ही घरांच्या देखत मोठ्यानं वाचायची. मागाहून कुरबूर नको.

मुनीमजींनी आधी मुलाकडची वाचली. "नवरीचा शालू, बनारसी, आठशे एकोणनव्वद!" माझा शालू सासूबाईंच्या पुढ्यातच होता. त्यांचा हात त्याच्यावर थबकला. त्यांनी एक टोक उचललं, काहीतरी पाहिलं, परत ठेवलं आणि पदराचा शेव बोटाला गुंडाळत बसल्या. मला धस्स झालं. वाटलं, एवढा पैसा आपण हिच्यावर घालतोय, हे आत्ता आकडा ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं असणार. मी खाली मान घालून सरबतातल्या बिया मोजू लागले.

मग आमची पावती. नवरदेवाचा पोशाख, सासऱ्यांचं धोतर, मामांना टोपी-टॉवेल, आत्यांची साडी. आणि मग, "विहीणबाईंची साडी, सव्वादोनशे!"

सगुणाआत्यांचा पेला ओठांशी थांबला. "सव्वादोनशे? वहिनी, ऐकलंस का? विहिणीनं मान केला हं तुझा! आमच्या प्रमिलच्या बस्त्यात माझ्या विहिणीनं मला दीडशेची गुंडाळली होती, आणि वर म्हणते कशी, रंग पक्का आहे." त्या आईकडं वळल्या. "खरं सांगू? पोस्टमास्तराचं घर म्हटल्यावर आम्हाला वाटलं नव्हतं."

सासूबाईंनी साडी मांडीवर ओढून घेतली. मघाशी त्या तिच्यावरून एक बोट फिरवून मोकळ्या झाल्या होत्या, आता दोन्ही हातांनी चापून पाहिली. मग वाकून त्यांनी आईचा हात हातात घेतला.

"कशाला हो एवढं, विहीणबाई?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. सकाळपासून पहिल्यांदा.

मला त्या क्षणी केवढं हायसं वाटलं! आईकडं बघितलं तर तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. सासूबाई आत्यांशी बोलायला वळल्या तशी आई अण्णांच्या कानाशी लागली. मी मधेच बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"अहो, पावणेदोनशे आहे. त्यांनी सव्वादोनशे लिहिलंय."

"कळलं मला," अण्णा ओठ न हलवता म्हणाले. "गप्प बस आत्ता. मी मागनं एकटा येऊन शेटना सांगतो. पैसे कुठं जात नाहीत."

"पैशाचं नाही हो."

"मग कशाचं?"

तिनं नुसतीच मान हलवली. समोर सासूबाई साडीची घडी छातीशी धरून काठाचा रंग गोऱ्या अंगाला कसा दिसेल ते आत्यांना विचारत होत्या.

"कुसुम, जमून आलंय ते विसकटू नको," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. "पोरीला त्याच घरात नांदायचंय."

"म्हणूनच," आई म्हणाली.

ती गादीवर गुडघ्यांवर उठून बसली. "शेटजी," तिनं हाक मारली. ती पंख्याच्या खडखडाटात विरून गेली. तिनं पुन्हा मारली. पुन्हा तेच.

"आई, मी बोलू का?" मी विचारलं. सवयीनं विचारलं. खरं तर तिनं 'नको, राहू दे' म्हणावं आणि खाली बसावं, अशी मी मनातून आराधना करत होते.

"नको," ती म्हणाली. "हे मला बोलायचंय."

आणि मग ती इतक्या मोठ्यानं बोलली, की पलीकडच्या गादीवरचं पोर रडायचं थांबलं.

"शेटजी! पावतीत चूक झालीय!"

सगळं दुकान आमच्याकडं बघायला लागलं. शांतिलालशेट गल्ल्यावरून उठून आले. "बोला ताई. काय झालं?"

आईच्या गळ्यातली शीर उडताना मला दिसत होती. "विहीणबाईंची साडी पावणेदोनशेची आहे. मुनीमजींनी सव्वादोनशे लिहिलंय."

"जे ऐकलं ते लिहिलं," मुनीमजी चष्म्यावरून म्हणाले.

"मी पावणेदोनशेच ओरडलो, काका," दुकानातला माणूस म्हणाला. "तुम्हाला सव्वा ऐकू आलं त्याला मी काय करू?"

पलीकडच्या बस्त्यात कुणीतरी फिसकन हसलं. सगुणाआत्यांनी पेला ताटलीत आपटला.

"घ्या! पन्नास रुपयांसाठी विहिणीच्या मानाची किंमत चव्हाट्यावर! मी म्हणतच होते, पोस्टाच्या पगारात एवढा हात सुटला कसा." आणि सासूबाईंकडं वळून, "बघ बाई, तुझं तू. दसरा-दिवाळीला काय काय मोजून घेतील कोण जाणे."

सासूबाईंनी साडी छातीपासून खाली मांडीवर आणली. चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. अण्णा तक्क्याला टेकून असे बसले होते, की तक्क्याला दार असतं तर आत गेले असते.

शांतिलालशेट मुरलेले व्यापारी. शेकडो बस्ते त्यांनी बांधले होते आणि मोडायला आलेली दोन-चार लग्नंही सावरली असतील. ते आईजवळ बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "ताई, माझं ऐका. पावती अशीच राहू द्या. खाली मी पन्नास सूट म्हणून वजा करतो. तुमचे पैसे वाचले, त्यांचा मान राहिला. काय?"

अण्णांनी चटकन मान वर केली. एवढी सोन्यासारखी वाट! मीही आईच्या पदराला हळूच ओढ दिली.

आई म्हणाली, "नको, शेटजी. सूट नको. किंमत दुरुस्त करा."

"अहो ताई, पण फरक काय त्यात?"

ती सासूबाईंकडं वळली. तिचा आवाज आता पुन्हा खाली आला होता, पण दुकानात एवढी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेला.

"विहीणबाई, मी चिठ्ठी बघूनच ती साडी घेतली. आमच्याच्यानं तेवढं होत होतं. तुम्हाला कमी वाटत असली तर कमीच समजा, माझी हरकत नाही. पण जास्तीची समजून नेसू नका."

बस. एवढंच. ती खाली बसली आणि दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले.

मी पुढं आयुष्यभर पुस्तकं वाचली, ग्रंथालयात नोकरीही केली. धैर्याची मोठमोठी वर्णनं वाचली. पण त्या दुपारी त्या गादीवर बसून मला धैर्यबिर्य काही दिसत नव्हतं. लग्न मोडलं, एवढंच दिसत होतं. किंवा मोडलं नाही तर त्याहून वाईट. मला त्या घरात जाऊन रोज त्या आत्यांच्या जिभेखालून जगायचं होतं.

सासूबाईंनी मांडीवरच्या साडीची घडी नीट केली. मग त्यांनी ती बाजूला ठेवली. आत्यांना वाटलं, त्या उठताहेत. म्हणून आत्याही पदर सावरून उठायला लागल्या. पण सासूबाईंनी माझा शालू पुढ्यात ओढला, त्याची चिठ्ठी शोधून काढली आणि मुनीमजींना हाक मारली.

"मुनीमजी, इकडं या. हे वाचा."

मुनीमजी आले, वाकले, चष्मा नाकावर ढकलला. "आठशे... एकोणऐंशी."

"आणि मघाशी वाचलंत काय?"

मुनीमजींनी हातातली पावती पाहिली. "एकोणनव्वद."

"मग?"

सासूबाई आईकडं वळल्या. त्यांच्या गालावर काहीतरी हलत होतं. मला आधी कळलंच नाही, की त्या हसू दाबताहेत.

"मला मघाशीच दिसलं होतं, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "पण म्हटलं, दहा रुपयांसाठी नव्या विहिणीपुढं तोंड कुठं उघडायचं? तुम्ही म्हणाल, ही बाई सुनेच्या शालूतसुद्धा दहा-दहा रुपये मोजते. म्हणून गिळून बसले होते."

आईलाही हसू आलं. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, आणि मग दोघी अशा हसल्या, की सासूबाईंना ठसका लागला.

"अगं पण वहिनी..." आत्यांनी सुरुवात केली.

"वन्सं, तुमचं सरबत राहिलंय," सासूबाई म्हणाल्या.

शांतिलालशेटनी कपाळावर हात मारला. "मुनीमजी, उद्या पहिल्यांदा कान तपासून या."

"कान ठणठणीत आहेत, शेट," मुनीमजी म्हणाले. "पंख्याला तेल घाला. वर्षभर सांगतोय."

दोन्ही पावत्या दुरुस्त झाल्या. आईनं आमची पावती पुन्हा वाचायला लावली, आणि ह्या खेपेला 'विहीणबाईंची साडी, पावणेदोनशे' असं मुनीमजी म्हणाले तेव्हा सगुणाआत्या सोडून कुणीच कुणाकडं बघितलं नाही.

गठ्ठे बांधून होईपर्यंत आई ताठ बसून होती. दुकानाच्या पायऱ्या उतरली, चपला घातल्या, आणि मग शेजारच्या बोळात शिरून, भिंतीला हात टेकून, ती भडाभडा ओकली. सरबत, सकाळच्या दशम्या, सगळं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी होते. अण्णा बोळाच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "ऊन लागलंय. ऊन लागलंय." पुस्तकांमधल्या धीराच्या माणसांपैकी बोलून झाल्यावर बोळात जाऊन ओकलेलं मला तरी कुणी आठवत नाही. पण माझ्या हाताखाली तिची पाठ जशी थरथरत होती, तशी ती थरथरत असतानाच ती ते बोलली होती. हे मला तिथं त्या बोळात कळलं. तेव्हापासून मला दुसऱ्या कुणाच्या धीराचं फारसं कौतुक वाटलं नाही.

सासूबाई दुकानातून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आत्यांना त्यांनी गठ्ठ्यांपाशीच बसवून ठेवलं होतं. आईनं चूळ भरली, तोंड पुसलं.

"तुझी आई घरी पण अशीच कडक का गं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आज पहिल्यांदाच."

"मग आज काय झालं, विहीणबाई? शेट तर पैसे सोडत होते."

आई भिंतीला टेकली. तिचा आवाज घोगरा झाला होता.

"पैशाचं नव्हतंच हो. तुम्ही उद्या चार बायकांत साडी दाखवणार. म्हणणार, सव्वादोनशेची आहे, सुनेच्या आईनं दिली. तुमचं काही चूक नाही त्यात. पण ही तिथंच असणार, कुणाला तरी पाणी देत. हिला खरी किंमत ठाऊक. हिला प्रत्येक वेळी मान डोलवावी लागली असती." तांब्यातलं उरलेलं पाणी तिनं पायांवर घेतलं. "मी डोलवली जन्मभर. दुकानात, घरात, जिथं तिथं. ती सवय वाईट असते, विहीणबाई. एकदा लागली की सुटत नाही. हिला मी सासरी पाठवतेय, तर ती बरोबर बांधून नको द्यायला."

बोळात कुणाच्या तरी घरात उखळात काहीतरी कुटलं जात होतं. सासूबाईंनी तांब्या परत घेतला. मला वाटलं, त्या काहीतरी मोठं बोलतील. त्या म्हणाल्या, "वैजू, आईला सावलीत घे. ऊन खरंच फार आहे."

सकाळपासून त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. 'मुलगी' म्हणत होत्या.

आम्ही तिघं स्टँडवर आलो. वैरागची गाडी लागलेली होती. आईला खिडकीची जागा मिळाली, शेजारी मी. अण्णा गठ्ठे पायांत घेऊन पुढच्या बाकावर आडवे बसले. आईनं दोनदा विचारलं, "रागावलात का?" त्यांनी दोन्ही वेळा गठ्ठ्याची गाठ तपासली.

गाडी सुटता सुटता मळेगावचे एक ओळखीचे गृहस्थ चढले आणि अण्णांच्या शेजारी बसले. पोस्टात त्यांचं नेहमीचं येणंजाणं. पण आईनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"काय पोस्टमास्तर! बस्ता वाटतं?"

"हो. झाला."

"शांतिलालकडं? मग तुम्हाला चांगलंच कापलं असेल. तिथं आपल्यासारख्याला तोंड उघडता येत नाही हो. काय म्हणतील तेवढे देऊन यायचं."

अण्णांनी मान फिरवून मागं बघितलं. आईकडं. मग परत त्या गृहस्थांकडं.

"ते मला विचारू नका," ते म्हणाले. "बस्ता हिनं केला."

"वहिनींनी?" गृहस्थ वळले. "मग किती झाले हो वहिनी, सगळे मिळून?"

त्या काळी असं विचारणं रीतीलाच धरून होतं, आणि उत्तरात दोन-चारशे वाढवून सांगणंही. अण्णा आईच्या तोंडाकडं बघत होते. शाळेत बक्षिसाला नाव पुकारलं की मुलाचा बाप बघतो ना, तसे.

आईनं पदर सारखा केला. त्या परक्या माणसाकडं सरळ बघितलं, आणि इंजिनाच्या आवाजावर, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा, आकडा सांगितला. पावतीवर होता तेवढाच.